एकाहत्तराव्या भागातली चूक

डिटेक्टिव्ह रणपिसेचे एकाहत्तर भाग उखानानांनी वाचलेत. शाळा चौथीपर्यंत, लिंबायतच्या कापड विणायच्या लूम कारखान्यात चाळीस वर्षं. कुणाला हे वाचन हलकं वाटत असेल तर वाटू द्या. ज्यांची एकाहत्तर पुस्तकं सलग वाचून झालेली नाहीत, त्यांनी नानांना वाचन शिकवू नये. मीही त्याच कारखान्यात आहे. मला वाचायला नानांनीच लावलं.

एकाहत्तराव्या भागात खून होतो तो लूमच्या कारखान्यात. चालू मशिनींमागे खुनी कुजबुजतो, दारातला वॉचमन ऐकतो, आणि तेवढ्यावर रणपिसे खुन्याला धरतो. नानांनी पुस्तक मिटलं.

"आवाज येस का तठे? रणपिसेचं नाव खराब केलं यांनी."

दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. मग कळलं, रणपिसेचे लेखकसाहेब मराठी मंडळात येणार. नाना खाडा करून निघाले, मीही सोबत. चूक दुरुस्त करून घ्यायचीच.

मंडळाचे मधुकरराव बँकेतून रिटायर झालेले. दारातच म्हणाले, "या, या. प्रश्न जरा साहित्यिक ठेवा हं."

हॉल भरलेला. मी मागे दाराशी उभा राहिलो. नाना स्टेजच्या कडेला माईकपाशी गेले, तोंड हॉलकडे केलं आणि बोलू लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मशिनींच्या खडखडाटात आम्ही ओठांनीच बोलतो, घसा फोडून उपयोग नसतो. जीव घाबरला की नानांची तीच सवय वर येते.

पुढच्या रांगेत हसू फुटलं. मधुकररावांनी माईक ठोकून पाहिला. "काका, घरी सराव करून यायचं."

मी दारातूनच ओरडलो, "माईकला काही झालं नाही. नाना विचारतात, पान एकशे बारा. चालू लूममध्ये कुजबुज ऐकली कुणी?"

सगळा हॉल मागे वळला. लेखकसाहेबांनी विचारलं, "तुम्हाला तिथून कसं ऐकू आलं?"

"नाहीच आलं. ओठ वाचले. तुमच्या वॉचमननं पण तेच केलं असतं."

साहेबांनी नानांच्या हातातलं पुस्तक घेतलं, पान काढलं, उभ्यानंच वाचलं. "मी कारखाना पाहिला तेव्हा मशिनी बंद होत्या," म्हणाले. माणूस खरं बोलला, एवढं मी मानतो. त्यांनी स्वतःची खुर्ची नानांपुढे सरकवली.

नाना बसले. पुन्हा ओठ हलले.

"काय म्हणतायत?" मधुकररावांनी आता मलाच विचारलं.

"म्हणतात, लेखकसाहेब, चूक तुमची आहे, रणपिसेची नाही. तेवढं लिहून द्या."

साहेबांनी पेन काढलं. नानांच्या पुस्तकात 'कुजबुज ऐकली' खोडून वर 'ओठ वाचले' लिहिलं, खाली सही केली. नानांनी बोट फिरवत दोनदा वाचलं. मग माईककडे वाकले, आणि या वेळी आवाज भिंतीपर्यंत गेला.

"आते बरं."