जिल्हा सोडून जायचं नाही

सेलूच्या एका जिनिंग मिलमध्ये नवं यंत्र आलं ते फार लांबून, उझबेकिस्तानातून. ते बसवून द्यायला त्याच्या मागोमाग बख्तियोर नावाचा फिटर आला. पन्नाशीचा, रुंद हाडाचा, पुढच्या दोन दातांवर सोन्याचा पत्रा चढवलेला. त्याच्या मुलखातही कापूसच पिकतो, त्यामुळं मिलच्या आवारातले पांढरे ढीग बघून त्याला परकं असं काही वाटलं नाही. दिवाळीपर्यंत यंत्र चालू करून द्यायचं आणि घरी जायचं, एवढंच त्याचं काम. पूर्वी गुजरातेत असंच एक यंत्र बसवताना तो मोडकंतोडकं हिंदी शिकला होता, तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

मिलवाल्यांनी त्याच्या जोडीला नागनाथ दिला. येलदरीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला, तिशी उलटलेला, सदा हसरा गडी. दोघांच्या भाषेत जमीनअस्मानाचं अंतर, पण काम करता करता दोन्हीकडं सारखे असलेले शब्द सापडत गेले. हवा, तयार, बरोबर, दुनिया. बख्तियोर असं काही बोलला की नागनाथ यंत्रावर थाप मारून म्हणायचा, "आरं, हे तर आमचंच हाय की!" जेवायच्या सुट्टीत तो मोबाईलमध्ये बायकोचा फोटो दाखवायचा. बख्तियोर आपल्या म्हाताऱ्या आईचा दाखवायचा.

दिवाळी आठवड्यावर आली असताना यंत्राच्या पोटात कापूस अडकला. बख्तियोरनं स्वतःच्या हातानं खटका पाडून यंत्र बंद केलं. नागनाथ आत उतरला आणि बख्तियोर पट्टा ढिला करायला मागच्या बाजूला गेला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, गाडीवाले ओरडत होते. आणि एकदम यंत्र सुरू झालं.

बख्तियोर धावला, खटका पाडला, पट्टा कापला. नागनाथला त्यानंच बाहेर काढलं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत मांडीवर घेऊन बसला. गाडी आली तेव्हा घाईचं काही उरलं नव्हतं.

पाळीवरचा सुपरवायझर बन्सीधर पोलिसांना म्हणाला, यंत्र आपोआप चालू झालं, परदेशी माणसानं नीट बसवलंच नव्हतं. मिलवाल्यांनीही तेच सांगितलं. बख्तियोरला अटक झाली, मग जामीन मिळाला. पासपोर्ट कोर्टात जमा. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. आणि तपास संपेपर्यंत परभणी जिल्हा सोडून जायचं नाही.

त्याच्या कंपनीनं सुरुवातीला रोज फोन केले, उत्तरा नावाची वकील नेमून दिली. मग फोन आठवड्यानं यायला लागले, आणि पुढं बंदच झाले. उत्तरा मात्र टिकली. सेलूतच वाढलेली, तिशीतली, तोंडानं फटकळ पोरगी. तिनंच त्याला राहायला जागा बघून दिली.

"बख्तियोरभाई, एक सांगते ते ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "मिलमधल्या कुणाशी बोलायचं नाही. नागनाथच्या घरच्यांशी तर अजिबात नाही. साक्षीदारावर दबाव आणला म्हणतील आणि जामीन जाईल."

"मला फक्त माफी... दुःख सांगायचं."

"तुमचं दुःख कोर्टाला कळत नसतं. समोर आले तर मान खाली घालून निघून जायचं."

जागा म्हणजे विष्णुपंतांच्या घरातली बाहेरची खोली. विष्णुपंत तहसील कचेरीतून कधीचे रिटायर झालेले. बायको वारली, मुलगी पुण्याला. कानानं पार गेलेले आणि कानातलं यंत्र खुंटीवर टांगून ठेवणारे. बख्तियोरला मराठी येत नाही यानं अडचण न होणारा गावात हा एकच माणूस होता, कारण त्यांना कुणाचंच ऐकू येत नव्हतं. ते आपले बोलत राहायचे. पेपरातल्या बातम्या, पूर्णेचं पाणी, हरभऱ्यावरची अळी. बख्तियोर मान हलवायचा. त्यांना त्याचं नाव काही केल्या म्हणता यायचं नाही.

"बख्तावर, जेवलास का रे?" ते ओरडायचे.

"जेवला, काका," तोही ओरडायचा.

अशानं त्याला मराठी यायला लागली. दुकानात काय मागायचं, ठाण्यात काय म्हणायचं, हे जमायला लागलं. पण भाषा कळायला लागली तसं गावानं आपल्याविषयी बोललेलंही कळायला लागलं. 'हाच तो, मिलमधला.' आधी नुसते आवाज होते तेव्हा तो बाजारातून सुखानं फिरायचा. आता भाजी घेऊन भिंतीकडेनं परत यायचा. मिलवरून जाणारा रस्ता त्यानं सोडून दिला. काम करायची परवानगी नव्हती, आणि हात रिकामे ठेवायची त्याला सवय नव्हती. त्यानं विष्णुपंतांचा पंखा खोलून बसवला, नळ बसवला, शेजारच्यांची शिलाई मशीन नीट केली. मग दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नाही. दुपारी तो खाटेवर पडून रेल्वेचे आवाज ऐकायचा. सेलूच्या स्टेशनात गाडी थांबते आणि निघते. कुणीही उठून तिच्यात बसू शकतं.

घरी बायकोला सगळं माहीत होतं. आईला मात्र सांगितलं नव्हतं. तिचं काळीज अशक्त. मुलगा परदेशात पोलिसांच्या कचाट्यात आहे हे कळलं असतं तर त्याच दिवशी ती गेली असती, असं सगळ्या भावंडांचं मत पडलं. त्याला जास्तीचं काम मिळालं म्हणून तो थांबलाय, असं तिला सांगत आले. आधी ती खूश झाली. मग कुरकुरायला लागली. थंडी सरली, त्यांचा नवरोजचा सण येऊन गेला, जर्दाळूंना फुलं आली आणि गळाली, तशी ती फोनवर चिडायला लागली.

"सगळ्यांची पोरं सणाला घरी येतात," ती म्हणाली. "तुला तिकडं कुणी बाई भेटली का?"

"नाही गं, आई."

"मग काय ठेवलंय तिथं तुझं?"

तो हवापाण्याचं विचारायला लागला. एकदा तिनं फोन घ्यायलाच नकार दिला. पलीकडून तिचा खोकला तेवढा ऐकू आला. तिची प्रकृती उतरत चालली होती.

उत्तरानं कोर्टात अर्ज टाकला. आई आजारी आहे, भेटून परत यायची परवानगी द्यावी. तिनं पिच्छा पुरवल्यावर कंपनीनंही हमी द्यायचं कबूल केलं. "या खेपेला होईल काम," उत्तरा म्हणाली, आणि ती असं कधी म्हणत नसे. तारीख जूनच्या शेवटी लागली.

त्या दिवशी तो कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. उत्तरा आत गेली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई येऊन बसली. फिकट लुगड्यातली, कपाळ मोकळं, हातात पाण्याची बाटली. तिचा जबाब होता. बख्तियोरनं तिला फोटोवरून ओळखलं. नागनाथची बायको, राजेश्री. त्यानं मान खाली घातली. उठून जावं, असं त्यानं ठरवलंही.

"तुमीच ना ते?" ती हळूच म्हणाली. "ह्यांच्यासंगं काम करनारे?"

तो बाकाच्या कडेला सरकला.

"मिलवाले म्हनतेत, ते जाग्यावरच गेले. काईच कळलं न्हाई त्यान्ला. खरं हाय का?"

ती त्याच्याकडं बघत नव्हती, समोरच्या कडुलिंबाकडं बघत होती. पण उत्तरासाठी ती किती दिवस थांबलीय हे त्याला तिच्या ताठ पाठीवरून कळलं. मोकळ्या व्हरांड्यात माणसं येत-जात होती. त्याला उत्तराचे शब्द आठवत होते, एकन् एक.

"न्हाई," तो म्हणाला. "थोडा टाईम होता. मी हात धरला. सोडला न्हाई."

"बोलले काई?"

"आई म्हनला."

त्याच्या मुलखात आईला 'ओयी' म्हणतात. त्या दिवशी नागनाथच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा क्षणभर बख्तियोरला वाटलं होतं, हा आपल्याच भाषेत बोलतोय, आपल्याच आईला हाक मारतोय. हे त्याला तिला सांगायचं होतं. तेवढे शब्द त्याच्याजवळ नव्हते.

राजेश्रीनं पदर तोंडाला लावला. बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. कोनीच सांगंना मला."

मिलवाल्यांचा वकील जिन्यात उभा राहून हे बघत होता.

तासाभरात ते कोर्टापुढं आलं. आरोपी साक्षीदाराला फितवतोय. व्हरांड्यात, भर कोर्टात. उत्तरानं खूप सांगून पाहिलं, पण परवानगी नाकारली गेली. जामीन कसाबसा राहिला. आठवड्याची हजेरी रोजची झाली.

बाहेर आल्यावर उत्तरा त्याच्यावर ओरडली. "एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला! एकच!"

"तिनं विचारलं."

"मग? विचारू दे की!"

"तिला कोण सांगणार?" तो म्हणाला.

उत्तरा स्कूटीला किक मारून निघून गेली.

आई श्रावणात गेली. बायकोचा फोन सकाळी आला आणि दुपारपर्यंत तिकडं दफनही झालं. त्यांच्यात थांबत नाहीत. शेवटी तिनं काही निरोप ठेवला का, हे त्यानं विचारलं नाही, आणि बायकोनंही आपण होऊन काही सांगितलं नाही. त्यावरून तो समजला. ठाण्यात जाऊन त्यानं सही केली. हवालदारानं विचारलं, "काय, बरं हाय ना?" तो म्हणाला, "बरं."

घरी आला तेव्हा विष्णुपंत ओसरीवर पेपर वाचत होते. हे कुणालातरी सांगायलाच पाहिजे होतं. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि आपल्या भाषेत सगळं सांगितलं, मोठमोठ्यानं. आई कशी होती, कापूस वेचताना गाणी कशी म्हणायची, शेवटी कशी रुसून बसली.

"हां हां," विष्णुपंत म्हणाले. "जेवू या, जेवू या. आज वरण केलंय."

मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पेपर खाली ठेवला. काय झालं ते विचारून उपयोग नव्हता, ऐकू येणार नव्हतं. ते उठले, आतून आपली सतरंजी आणली, त्याच्या शेजारी अंथरली आणि बसले. दिवस कलेपर्यंत म्हातारा तिथून हलला नाही. एरवी सतत बोलणारा तो माणूस, त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही.

पुढं प्रकरण सरकलं ते हळूहळूच. व्हरांड्यातल्या बोलण्याबद्दल राजेश्रीला पुन्हा बोलावलं. ती म्हणाली, "त्यांनी न्हाई, मीच इचारलं. माझ्या नवऱ्याचं शेवटचं मी इचारायचं न्हाई तर कोनी इचारायचं?" यंत्राची तपासणी झाली, त्यात दोष निघाला नाही. आणि तिच्या जबाबाची बातमी मिलमध्ये गेल्यावर, पाळीवरच्या दोन बायका एवढ्या दिवसांनी पुढं आल्या. खटका बन्सीधरनं वर केला होता. गाड्या तटल्या म्हणून, आत न बघता. दसऱ्याच्या सुमारास बख्तियोरचं नाव खटल्यातून वगळलं आणि कोर्टातल्या कारकुनानं सही घेऊन त्याचा पासपोर्ट त्याच्या हातात दिला.

त्याला वाटलं होतं, त्या दिवशी आपण धावत सुटू. तो कोर्टाच्या पायरीवर बसून राहिला. कुणाला आधी सांगावं ते सुचेना. जिला पहिला फोन करायचा, ती आता फोन उचलणार नव्हती.

"आता नागनाथच्या घरी जाऊ शकतो?" त्यानं उत्तराला विचारलं.

"आता कुठंही जा," ती म्हणाली. मग म्हणाली, "मीच बसवून देते गाडीत."

खेड्यात पोचला तेव्हा दिवस मावळतीकडं झुकला होता. अंगणात सोयाबीनचा ढीग होता आणि नागनाथची आई धुरपताबाई सुपानं ते पाखडत बसली होती. राजेश्रीनं सासूच्या कानाशी तो कोण ते सांगितलं. म्हातारीनं सूप थांबवलं, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बस," ती म्हणाली.

राजेश्रीनं चहा आणला. त्यानं रस्ताभर जुळवून ठेवलेली मराठी वाक्यं एकदम डोक्यातून निघून गेली.

"मायबाप हायत का तुला?" धुरपताबाईनं विचारलं.

"बाप लहानपणी गेला. आई होती."

"होती?"

"श्रावणात गेली."

तिनं सूप खाली ठेवलं. "आन् तू? गेलतास का मातीला?"

त्यानं मान हलवली. नाही.

"सोडलं न्हाई तुला," ती स्वतःशीच म्हणाली. मग, "तिला म्हाईत तरी होतं का, लेकरू का येईना ते?"

"न्हाई. कोणी सांगितलं न्हाई."

"मंग रुसूनच गेली आसंल."

"हां," बख्तियोर म्हणाला. "रुसून गेली."

ऐकू येणाऱ्या माणसापुढं हे तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि तेही तिच्या भाषेत. म्हातारीनं त्याचं सांत्वन केलं नाही, काही समजावलं नाही. उठली, गुडघ्यावर हात टेकत चुलीकडं गेली, तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला.

"हात धू. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

तिनं स्वतः भाकरी केली. तो खायला लागला आणि दुसऱ्याच घासाला त्याला रडू फुटलं. आवाज न करता, खाली मान घालून, जेवता जेवताच तो रडत होता. राजेश्री आत निघून गेली. धुरपताबाई समोर बसून राहिली. तिनं 'रडू नको' म्हटलं नाही. त्याची भाकरी संपत आली की ती तव्यावरची दुसरी मोडून त्याच्या ताटात टाकत होती.