चिमूटभर पाला

त्या दुपारी मी काओरीला तळ्यात-मळ्यात करणाऱ्या माणसांसाठी आमच्या बर्मी भाषेत काय म्हणतात ते शिकवत होते. "नावेच्या दोन्ही काठांवर पाय ठेवणारा," मी म्हटलं, "म्हणजे ज्याचं काही केल्या ठरत नाही तो."

काओरी जपानची. मौलमीनच्या दवाखान्यात कामाला आलेली, आणि प्रत्येक शब्दाला तिला खरा माणूस लागतो. "सयामा, तुमच्या ओळखीचा आहे असा कोणी?" तिने विचारलं. सयामा म्हणजे शिकवणाऱ्या बाई. मला सगळं गाव तेच म्हणतं.

होता की. को थाउंग. नदीपलीकडच्या बेटावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. कित्येक वर्षं दर रविवारी येतो, चहा पितो, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो, खडखडणारा पंखा नीट करतो. निघताना चपला घालायला इतका वेळ लावतो की वाटतं, आता बोलेल. बोलत नाही. मी तरी कुठे बोलते? सोमवार उजाडला की पुढच्या रविवारची वाट बघायला लागते, या वयात, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण, अमा टिन, घामाघूम होऊन जिना चढून आली. हातात लाखेचा डबा.

"बसा अमा, पंखा लावते."

"पंखा राहू दे, आधी ऐक. थाउंगला मुडोनची मुलगी सांगून आलीय. मी म्हटलं, तुझं काय ते बोल. तर म्हणतो, सयामांना विचार, त्यांची सोय बघ. लग्न याचं आणि सोय तुझी?"

"त्यांना सोयीचं असेल तसं करा, अमा."

"घ्या! तो तिकडून सोय, ही इकडून सोय. मी काय तुमची पोस्टमन? नको म्हण ना, न्वे. आत्ता मुडोनला निरोप धाडते."

'नको' हा शब्द मी काओरीला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता, भाजीवालीला म्हणायला. मला मात्र तो घशाबाहेर काढता येईना. मी नको म्हटलं, आणि तो निव्वळ भिडेपोटी माझ्याशी लग्न करून बसला तर? मला तो हवा होता. त्याची भीड नको होती.

अमाने डबा उघडला. मधोमध तेलात कालवलेला मुरवलेला चहापाला, भोवती तळलेला लसूण, तीळ, शेंगदाणे. आमच्याकडे भांडण असो की सोयरीक, दोन्ही बाजूंनी हा पाला खाल्ला की बोलणं मिटलं; मग कुणी मागे फिरत नाही.

"खाल्लास तर मुडोनला होकार," ती म्हणाली. "नाही खाल्लास तर मी समजले."

एवढ्या उन्हात नदी ओलांडून आलेली बाई. पाला तिने हाताने कालवलेला, लसणाचा वास अजून ताजा. हात न लावता डबा परत कसा करायचा? मी एक चिमूट खाल्ली.

अमा बघतच राहिली. "अगं वेडे," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "तो खाली पानवाल्यापाशी उभा आहे. डबा भरलेला आला तर वर येतो म्हणाला होता."

"मग आधी सांगायचं ना!"

"शपथ घातली होती त्याने. म्हणाला, मी खाली आहे कळलं तर तिला भीड पडेल."

झाकण लावून ती जिना उतरली. मी खिडकीशी धावले. को थाउंग नवी लुंगी नेसून, केस चापून बसवून उभा होता. त्याने डबा उघडला आणि पाला विस्कटलेला बघून तसाच थांबला. अजून त्याने खाल्ला नव्हता. अजून काही मिटलं नव्हतं.

"सयामा, हाक मारा की!" काओरी मागून म्हणाली.

शेजारणी दारात होत्या, पानवाला बघत होता. चारचौघांत त्याला अवघडल्यासारखं होईल, असं माझ्या मनात आलं. तेवढाच काय तो वेळ गेला. मग मी हाक मारली, चांगली मोठ्याने. त्याने वर पाहिलं. तोंडातला पाल्याचा घास गिळता गिळता तो हसला आणि बोटं लुंगीला पुसून त्याने मला नमस्कार केला.