आरशातलं ऊन

"खाली घे. अजून थोडं. हां, बास!"

गुहेतून ताईचा आवाज आला आणि आरसेवाल्याने हात जागच्या जागी थांबवले. चार फुटी आरशातलं ऊन गुहेच्या तोंडातून आत शिरून, शेवटच्या खांबाशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर नेमकं पडलं होतं. त्याने चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढली आणि घड्याळ पाहिलं. दहा चाळीस. उद्या याच वेळी, याच रेघेवर.

सोमवारी गुहा बंद असते. गेले चार सोमवार भाऊबहीण हा सराव करत होते. म्हणजे सराव भाऊ करत होता, बहीण कुरकुरत होती.

"मला हे पटत नाही," ताई पांढऱ्या कापडाची चौकट काखेत मारून बाहेर आली. "ऐंशी वर्षांचा माणूस तो. काठी टेकत येणार. त्याला चारचौघांत असं उघडं पाडायचं?"

"बाबांना कुठे पाडलं होतं? बंद खोलीत?"

"आणि गुहेचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं नाही म्हणजे? उद्याची ती बाई त्यासाठीच येतेय. आपल्या दोघांच्या पोटावर पाय येईल."

"येऊ दे. ताई, तू फक्त कापड बाजूला घे. बाकी मी बघतो."

"मी नाही घेणार," ताई म्हणाली आणि जेवणाचा डबा उचलून चालू लागली.

गुहेत दिवा लावायला बंदी होती. दिव्याच्या उष्णतेने रंग पोपडे धरतात. म्हणून आरसेवाला बाहेरून ऊन आत पाठवायचा, ताई ते कापडावर झेलायची आणि कापडावरून निघालेला मऊ उजेड भिंतीवर पडला, की नदी ओलांडणारा हरणांचा कळप अंधारातून हळूहळू वर यायचा. लोक हमखास 'अहाहा' म्हणायचे. गुहेचा घाट असा होता, की आत कोणी कुजबुजलं तरी बाहेर आरशापाशी स्पष्ट ऐकू यायचं. थेट ऊन चित्रावर कधी टाकायचं नाही, हा नियम बाबांचा. रंग म्हातारा होतो, असं ते म्हणायचे.

आतून येणाऱ्या या आवाजांतूनच आरसेवाल्याने जग पाहिलं होतं. अमक्या देशात खडक कोरून अख्खं शहर केलंय, तमक्या बेटावर दगडाचे चेहरे समुद्राकडे पाठ करून उभे आहेत, कुठे हजार हजार वर्षांची झाडं आहेत आणि त्यांना हात लावायला मनाई आहे. प्रवासी एकमेकांना सांगायचे, हा बाहेर कान देऊन ऐकायचा. घरी त्याच्या भिंतीवर अशा ठिकाणांचं जुनं कॅलेंडर होतं. साल केव्हाच उलटलं होतं, तरी तो दर महिन्याला पान मात्र बदलायचा. स्वतः तीन गावांपलीकडे कधी गेला नव्हता.

गुहा सापडली ती बाबांना, हरवलेली शेळी शोधताना. त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना, उद्या येणार होते त्यांनाच, हाताला धरून आत नेलं. साहेबांनी पुस्तक लिहिलं, त्यात तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'मी एकटाच रांगत आत शिरलो.' बाबांना पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. नोकरी मिळतेय तर पुस्तकाशी काय घेणंदेणं, म्हणून ते मूग गिळून बसले. तीन वर्षांनी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला खांबाशेजारी टोकदार लोखंडाने कोरलेली अक्षरं दिसली: 'प्रथम प्रवेश', आणि खाली तारीख. हे कोणी केलं, असा प्रश्न आला. साहेबांनी पहारेकऱ्याकडे बोट दाखवलं. कार्यालयात बाबांकडून एका कागदाच्या दोन प्रतींवर अंगठा घेतला आणि एक प्रत हातात दिली. कागदात काय लिहिलंय हे त्यांना घरी आल्यावर शेजारणीने वाचून दाखवलं. चित्राशेजारी अक्षरं कोरल्याचा गुन्हा कबूल, म्हणून बडतर्फ.

ज्याला अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्याने अक्षरं कोरली! आणि कबुलीखाली अंगठा! एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांच्या कार्यालयात हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. की आलं, आणि साहेबांपुढे गिळलं? हे आठवलं की आरसेवाल्याच्या डोक्यात अजून तिडीक जायची.

पुढे अकरा वर्षं, मरेपर्यंत, बाबा कुंपणाबाहेरच्या दगडावर येऊन बसत. आत जायला बंदी. लोकांचं 'अहाहा' तिथवर ऐकू यायचं. ते ऐकून झालं की उठून घरी जायचे.

मंगळवारी तीन गाड्या आल्या. पहिलीतून परीक्षक बाई उतरल्या. जगभरातली वारसास्थळं पाहत जोडे झिजवलेली बाई. दुसऱ्या गाडीतून साहेब. पांढरा सदरा, काठी, आणि पाठ थोपटून घ्यायला आल्यासारखा चेहरा. गुहेच्या तोंडाशी 'शोधकर्ते' म्हणून त्यांच्या नावाची पाटी लावली होती. वरचा पडदा त्यांच्याच हस्ते दूर व्हायचा होता.

"मी चाळीस देशांत फिरले," परीक्षक बाई जाता जाता आरसेवाल्याला म्हणाल्या. "सगळीकडे पाटीवर एक नाव असतं आणि किल्ली भलत्याच माणसाकडे असते."

"आमच्याकडे पण तसंच आहे बाई," तो म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मंडळी आत गेली. त्याने ऊन आत सोडलं. कळप दिसला असावा. ठरलेलं 'अहाहा' आलं. मग साहेबांचा आवाज, घोटून घोटून गुळगुळीत झालेला. "तो दिवस मी विसरू शकत नाही. मी एकटाच होतो. सोबत कोणीही नव्हतं..."

दहा चाळीस. आरसेवाल्याने रेघेवर पाय ठेवला, आरसा छातीला टेकवला आणि ऊन खाली सरकवलं. आता सगळं ताईच्या हातात होतं. तिने कापड आडवं धरलं, तर सगळं फुकट.

आतून लाकडी चौकट जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला.

"हे काय कोरलंय इथे?" परीक्षक बाईंचा आवाज.

"ते होय? अहो, पूर्वीचा एक पहारेकरी. त्याचा उद्योग. मी लगेच घरी बसवला त्याला."

"साहेब," ताई बोलली. आवाज कापत होता, पण बोलली. "ही तारीख तुमच्या पुस्तकात आहे. गुहा सापडली त्या दिवसाची. त्या दिवशी तुम्ही एकटेच होतात ना? आत्ताच म्हणालात."

ताई थांबली नाही.

"आणि हा त्या पहारेकऱ्याचा कबुलीजबाब. बाई, तुम्ही बघा. खाली सही आहे का?"

कागद उलगडल्याचा आवाज आरशापाशी ऐकू आला. तो कागद ताईने बरोबर आणलाय, हे आरसेवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

"अंगठा आहे," परीक्षक बाई सावकाश म्हणाल्या.

"आमचे बाबा ते. त्यांना लिहिता येत नव्हतं."

सगळ्यांच्या आधी साहेब बाहेर आले, एकटेच. आरसेवाल्याने आरसा वर उचलला. ऊन सरळ साहेबांच्या तोंडावर पडलं. त्यांनी काठीचा हात डोळ्यांवर घेतला आणि झोक गेला, तसे ते पाटीच्या खांबाला धरून उभे राहिले.

"आरसा खाली कर! दिसत नाहीये मला!"

"थेट ऊन चित्रावर टाकायचं नाही, असं बाबा सांगायचे. माणसाबद्दल काही बोलले नव्हते."

"तू त्याचा मुलगा?" साहेबांचा आवाज बसला. "तुला पाहिजे तरी काय? पाटी काढून टाकू?"

"पाटीचं बाई बघतील. तुम्ही फक्त एकदा त्यांचं नाव घ्या. ज्यांना घरी बसवलंत, त्यांचं. मी आरसा खाली करतो."

साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. उन्हात त्यांच्या कपाळावरचा घाम चमकत होता. त्यांनी मागे वळून पाहिलं. कागद परीक्षक बाईंच्या हातात होता आणि त्या गुहेच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या. ताईही त्यांच्या मागे होती.

ही घटका आरसेवाल्याने तीस वर्षं मनात घोळवली होती. साहेब चिडतील, रडतील, पाया पडतील, सगळं त्याने पाहून ठेवलं होतं. त्यांना नाव आठवणारच नाही, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. बाबांचं आयुष्य मातीत घातलं, आणि नावसुद्धा लक्षात ठेवलं नाही! साहेबांच्या तोंडावरचं ऊन हललं, पण त्याने ते पुन्हा जागेवर आणलं.

"मला... खूप वर्षं झाली रे," साहेब म्हणाले.

"आठवलं की या. सोमवारी बंद असतं."

मग त्याने आरसा खाली घेतला, खिशातलं फडकं काढून काच पुसली. खाली तिकीटखिडकीपाशी रांग लागली होती. ताई चौकट उचलून पुन्हा आत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "हं, सोड."

कुंपणाबाहेरचा दगड रिकामा होता. त्याने तिकडे एकदा पाहिलं आणि ऊन आत सोडलं.