जंतबाईंची घूस

"शेवटची मोठी घूस कधी घेतलीत?" दक्षता अधिकाऱ्याने विचारलं.

"आज सकाळी, पावणेआठला," जंतबाई म्हणाल्या. "ट्रेमध्येच आहे अजून. दाखवू?"

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याने रडणारे पाहिले होते, छातीत कळ आली म्हणून आडवे होणारे पाहिले होते, एकाने तर समोरच्या समोर कागद गिळला होता. 'दाखवू का' असं कुणी विचारलं नव्हतं.

"कुणामार्फत घेता?"

"पिंजरेवाल्यामार्फत. पण तो मधला माणूस वगैरे नाही हं, स्वतः पकडून आणतो बिचारा."

"आणि केवढी आहे?"

"दोन किलो असेल. पोटुशी आहे ना, म्हणून जड."

'पोटुशी' हा सांकेतिक शब्द असणार असं समजून अधिकाऱ्याने त्याच्याखाली रेघ मारली. मग तो ट्रेकडे गेला, झाकण उचललं, आणि झाकण होतं तसं ठेवून परत येऊन बसला.

"ही घूस आहे," तो शेवटी म्हणाला.

"मग मी मघापासून काय सांगतेय?"

चूक कुणाचीच नव्हती, म्हणजे ती रकान्याची होती. कालव्याच्या काठाला बिळं पाडून राहणारा, पाण्यात सूर मारणारा, मांजराएवढा उंदीर म्हणजे पाणघूस. तिने काठ पोखरला की कालवा फुटतो, म्हणून कालवा खातं पिंजरे लावतं. चोवीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरसाहेबांना वाटलं की पकडलेल्या घुशींच्या पोटात कोणते जंत आहेत ते मोजावं. त्यांनी एक टेबल, एक भिंग, एक चिमटा आणि एक बाई मागून घेतल्या. पुढे साहेबांची बदली झाली. टेबल, भिंग, चिमटा आणि बाईंना कुणी थांबा म्हणालं नाही, म्हणून चौघंही थांबले नाहीत. बाई दर महिन्याला अहवाल लिहीत. छापील कागदावरचा रकाना अरुंद होता, त्यात 'पाणघूस' मावेना, म्हणून त्यांनी पहिल्याच महिन्यात 'पाण' सोडून दिलं होतं.

आता खात्याचे जुने कागद संगणकात चढवले जात होते, आणि कुणीतरी हुशारीने संगणकाला 'घूस' हा शब्द शोधायला सांगितलं होतं. बाकी सगळ्या कचेऱ्यांचे मिळून एकतीस कागद निघाले. या एका टेबलाचे दोनशे अठ्ठ्याऐंशी.

अधिकाऱ्याने पिशवीतून गठ्ठा काढला आणि मधलाच एक कागद वाचला. "'मोठी घूस. पिंजरेवाल्यामार्फत मिळाली. साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, झाकून ठेवा.'"

"वास येत होता."

"'आत सापडले: तीनशे बारा.'"

"जंत. तीनशे तेराही असतील. एक तुटलेला होता, तो मी धरला नाही."

अधिकाऱ्याने कपाळावरून हात फिरवला. त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला. बाईंचे यजमान. ते घरीच शिलाईचं काम करत.

"काय गं, कोण आलंय म्हणे ऑफिसात?"

"अहो, माझ्यावर घुशीचा आरोप आहे."

"मग खराच आहे की," यजमान म्हणाले. पलीकडे मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

बाईंनी फोन ठेवला आणि उभ्या राहिल्या. सकाळपासून त्या दहा वेळा उठून दहा वेळा बसल्या होत्या. आरोपाचं त्यांना काही वाटत नव्हतं. चार दिवसांनी त्या निवृत्त होणार होत्या, टेबल मोडीत निघणार होतं, आणि आज चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते कागद हातात घेऊन बसलं होतं. तो माणूस आता उठून जाईल, ही भीती होती. चहा सांगावा का? चहा म्हटलं की माणूस पाच मिनिटं थांबतो. कॉफी असती तर सात.

"सगळे वाचावे लागतात ना?" त्यांनी विचारलं. "नियमाने?"

"प्रकरण मिटवायचं तर प्रत्येक कागद वाचून सही करावी लागते," अधिकारी म्हणाला. तो नियम त्याला त्याच क्षणी आठवल्यामुळे त्याचा चेहरा पडला.

"मग बसा की निवांत."

तो वाचत बसला. पिंजरेवाला दारातून डोकावून "बाई, उद्या आणू का नको?" असं विचारून गेला. बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, स्वच्छ भिंग पुन्हा पुसलं. चाळिसाव्या कागदाशी अधिकाऱ्याने वाकून पोटरी खाजवली. साठाव्याशी दुसरी.

"प्रत्येक कागदाच्या तळाला एकच वाक्य आहे," तो म्हणाला. "'कालव्याच्या तिसऱ्या दरवाज्याखाली पोहू नये अशी पाटी लावावी.' का?"

चोवीस वर्षं बाईंनी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. आता त्यातलं सुरुवातीचं सगळं विसरलं, आणि मधूनच सुरू झालं.

"गोगलगाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे आधी घूस. तिच्या आतड्याच्या शिरांमध्ये बारीक चपटे जंत राहतात, केसाएवढे. त्यांची अंडी पाण्यात पडतात. ती फुटून पिल्लं गोगलगाईत शिरतात. मग तिच्यातून बाहेर पडून पुन्हा घूस शोधतात. पण त्यांना काय कळतं हो? डोळे आहेत का त्यांना? पाण्यात जे अंग सापडेल त्यात शिरतात. माणसाच्या कातडीत शिरले की तिथेच मरतात, आणि मग खाज सुटते. इतर दरवाज्यांशी दहा घुशींमागे एक निघते जंतवाली. तिसऱ्याशी सुरुवातीला दोन निघायच्या. आता नऊ. आणि तिथेच पोरं पोहतात सगळी, रात्रभर खाजवून कातडी सोलून घेतात. त्यांच्या आया साबण बदलतात."

अधिकाऱ्याने पँट थोडी वर केली. पोटरीवर लाल पुटकुळ्यांची रांग होती.

"मला डॉक्टरने गुडघ्यासाठी पोहायला सांगितलंय," तो म्हणाला. "पुलाजवळ."

"तो तिसरा दरवाजा."

"मी दोनदा साबण बदलला."

यानंतर तो जरा वेगाने, पण सगळे वाचू लागला. साडेतीन वाजता शेवटचा कागद झाला. त्याने पिशवीतून शाईची डबी आणि शिक्का काढला.

"सुटलात तुम्ही," तो म्हणाला. "प्रत्येकावर शिक्का मारतो, प्रकरण संपलं. शुक्रवारी हार घालून घरी जा."

बाईंनी चष्मा लावून शिक्का उलटा वाचला. 'तथ्य आढळले नाही.'

"हा कशावर मारणार?"

"अहवालांवर."

"माझ्या?"

"तुमच्यावरच्या आरोपात तथ्य नाही, असा अर्थ आहे त्याचा."

"तसं कुठे लिहिलंय? उद्या कागद उघडणारा काय वाचेल? तिसरा दरवाजा, दहातल्या नऊ, पाटी लावावी. आणि खाली, तथ्य नाही."

"बाई, शिक्के दोनच आहेत."

"दुसरा कोणता?"

त्याने नाइलाजाने दुसरा काढला. 'तथ्य आढळले.'

"हा मारला तर?"

"वरच्या कार्यालयात जातो गठ्ठा. तिथे तिघं जण वाचतात, त्यांच्या वरचे दोघं वाचतात. प्रत्येक वाक्यावर त्यांना शेरा लिहावा लागतो."

"पाटीच्या वाक्यावर पण?"

"प्रत्येक वाक्यावर. पण अहो, त्याचा अर्थ तुम्ही घूस घेतलीत!"

"घेतलीच आहे. चोवीस वर्षं. नाही कधी म्हणाले मी?"

"निलंबित व्हाल. निवृत्ती अडेल. वर्ष लागेल, दोन लागतील. लोक काय म्हणतील, घरचे काय म्हणतील?"

बाईंनी फोन फिरवला. "अहो, मी दोषी ठरतेय बहुतेक. शुक्रवारचं काही होणार नाही."

मशीन थांबलं. "तुला ठरायचंय का?"

"हो."

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "मी तुझ्यासाठी खिडकीशी खुर्ची ठेवली होती," यजमान म्हणाले. मग घसा खाकरून, "असू दे. तुझ्या ताईला मी कळवतो. तिला तसंही समारंभाला यायचं नव्हतं."

अधिकाऱ्याने दोनशे अठ्ठ्याऐंशी शिक्के मारले. बाई एकेक कागद पुढे सरकवत होत्या आणि मारून झालेला फुंकर घालून वाळवत होत्या. एका ठिकाणी शिक्का आकड्यावर येत होता, तो त्यांनी बोट लावून जरा खाली घ्यायला लावला.

मग शिपाई आला. नियमाप्रमाणे त्याने खोलीला कुलूप लावलं आणि बाईंकडे न बघता किल्ली खिशात टाकली. अधिकारी गठ्ठा घेऊन जीपकडे निघाला. बाई पायऱ्यांपर्यंत मागोमाग गेल्या.

"सीटवर ठेवा हो," त्या म्हणाल्या. "खाली नको. क्रम बिघडेल."

त्याने गठ्ठा सीटवर ठेवला, आणि त्यांना नमस्कार केला. जीप फाटकातून बाहेर पडली.

कचेरी सुटायला अजून बराच वेळ होता. निलंबित माणसाने लवकर जायचं असेल तर रजा कुणाकडे मागायची, हे कुठल्याच नियमात नव्हतं. जंतबाई पायरीच्या एका कडेला सरकल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट राहील एवढ्या, आणि पर्स दोन्ही हातांत धरून साडेपाच वाजेपर्यंत उभ्या राहिल्या.