पाण्याच्या नळीतला इलिश

मित्रांनो, मी एक जुनी मायक्रोपिपेट आहे. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही, आम्ही फारशा कुणाच्या नजरेत भरत नाही. मी दिसते जाड पेनासारखी. डोक्यावर बटण, पोटात स्प्रिंग आणि दट्ट्या, खाली निमुळती नळी. त्या नळीला प्लास्टिकचं पोकळ टोक लावायचं, त्याला टिप म्हणतात. बटण दाबून सोडलं की मी द्रव वर ओढते, पुन्हा दाबलं की सोडते. एका थेंबाचे पन्नास भाग केले तर त्यातला एक भाग मी नेमका उचलते. निदान माझ्या उमेदीच्या काळात तरी उचलत असे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला आठवत नाही. पेटी उघडली तेव्हा मी कोलकात्याच्या एका कॉलेजात होते. तिथे पदवीच्या मुलांना मॉलिक्युलर जेनेटिक्स शिकवतात. म्हणजे पेशीतला डीएनए बाहेर काढायचा आणि तो काय सांगतो ते वाचायचं. सुरुवातीची वर्षं माझी चैन होती. तिथल्या प्राध्यापक नंदितामॅडम मला स्वतःच्या कपाटात ठेवत, उभ्या स्टँडवर. दरवर्षी एक माणूस येऊन माझा थेंब तराजूवर तोलायचा आणि माझ्या अंगावर तारखेची चिठ्ठी चिकटवून जायचा. ‘अगदी बरोबर!’ असं तो म्हणाला की मला फार बरं वाटायचं.

पुढे नव्या पिपेटा आल्या आणि माझी रवानगी मुलांच्या टेबलावर झाली. तिथे माझे काय हाल झाले ते सांगत बसत नाही. कुणी माझं बटण दारावरच्या घंटीसारखं दाबायचं, कुणी माझ्याशी खेळत गप्पा मारायचं. चिठ्ठी पिवळी पडली, तराजूवाला माणूस यायचा बंद झाला. तरी मी काम करत राहिले.

मग पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात ऋता आली. तिचे वडील चारुदत्त बँकेत अधिकारी. ऋता पहिलीत असताना त्यांची बदली कोलकात्याला झाली, आणि हे कुटुंब डमडमला राहिलं ते राहिलंच. कॉलेजात ती बांग्ला बोलायची, तीही झकास. पण थेंब मोजताना मात्र ‘एक, दोन, तीन’ असं मराठीतच पुटपुटायची. मला ही भाषा आली ती तिच्यामुळे. सगळ्या नव्या पिपेटा सोडून ती मलाच उचलायची. "हिचं बटण मऊ आहे," म्हणायची. तेवढ्या एका वाक्यावर मी तिची झाले.

तिच्या प्रकल्पाचा विषय होता इलिश. बंगाली माणसाचा या माशावर केवढा जीव, हे मी सांगायला नको. बाजारात इलिश म्हणून विकतात तो खरंच इलिश असतो का, की तसाच दिसणारा दुसरा कुठला मासा असतो, हे डीएनएवरून ओळखायचं होतं. माशाच्या तुकड्यातून डीएनए काढायचा, नळीत इतर द्रव्यांबरोबर घालायचा आणि यंत्रात ठेवायचा. मासा इलिश असला तर त्याच्या डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी नकला तयार होतात. मग त्या जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ वडीवर, सोडल्या की दिव्याखाली चमकणारी पट्टी दिसते. पट्टी दिसली तर इलिश, नाही दिसली तर दुसरा कुणीतरी.

गंमत म्हणजे ऋताच्या घरी मासा शिजणं सोडा, त्याचं नावही काढत नसत. पहिल्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेचे जुने मदतनीस निमाईदा यांनी स्वतःच्या घरून खात्रीचा इलिश आणून दिला. ऋताने त्याचा डबा धुवायला घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी माशावर प्रयोग केला. यंत्रातून नळी बाहेर आली, तिने माझ्या टिपेत तो द्रव ओढला, आणि नेमका फोन वाजला. तिने मला टेबलावर आडवं ठेवलं. टिप भरलेली होती.

"अगं, तुझ्या दप्तराला कसला वास येतोय?" पलीकडून तिची आई प्रेमलता विचारत होती. "मी दप्तर बाल्कनीत टांगलंय. पुन्हा असलं काही घरात आणलंस तर तुलाही तिथेच टांगीन."

"आई, मासा नव्हता गं, फक्त त्याचा डबा होता! मी बाद में फोन करते ना."

दोघी हसल्या. तेवढ्या वेळात तो द्रव टिपेतून माझ्या नळीत शिरला आणि आत पसरला. भरलेली पिपेट आडवी ठेवू नये, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवतात. ऋतालाही ते पाठ होतं. पण जेलवर पट्टी झळकली आणि आनंदाच्या भरात तिला कशाचीच आठवण राहिली नाही. त्या दिवसापासून इलिशच्या नकला माझ्या पोटात वाळून बसल्या.

पुढच्या महिन्यात तिने तीन बाजारांतून बारा नमुने आणले. बाराच्या बारा इलिश निघाले. तिने निकाल नंदितामॅडमना दाखवला. मॅडम खूश झाल्या. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत दोन महिने काम करायला एका मुलाची निवड होणार होती, आणि मॅडमनी ऋताचं नाव सुचवायचं ठरवलं. शुक्रवारपर्यंत निकाल पाठवायचा होता. तिथे जायचं ऋताच्या किती मनात होतं, ते मला ठाऊक आहे. माझं बटण दाबता दाबता ती निमाईदांना तिथल्या यंत्रांबद्दल सांगत बसायची.

मंगळवारी मॅडम म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, पण तुझ्या जेलच्या फोटोत ब्लँक कुठे आहे?"

ब्लँक म्हणजे अशी नळी, जिच्यात डीएनएऐवजी नुसतं पाणी घालतात. तिच्यात काहीही दिसता कामा नये. ऋताने वेळ वाचवायला ती लावलीच नव्हती. तिने लगेच लावली. दोन तासांनी दिवा लागला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाण्याच्या नळीतही पट्टी दिसत होती. पाणीही इलिश निघालं होतं.

तिचा वर्गमित्र सौम्य शेजारीच उभा होता. तो वाकून म्हणाला, "पाण्याची रांग शेवटचीच आहे. फोटो तेवढा कापून टाक. मॅडमना सांग, ब्लँक स्वच्छ आहे. हैदराबादला काय तुझं पाणी तपासणार आहेत?"

ऋताने मला हातात घट्ट धरलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, कापून टाक बाई. तिचं सगळं सुरळीत झालं असतं आणि माझंही. मित्रांनो, अपराधी माझ्याच पोटात लपला होता आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

ती उठली आणि अख्खा फोटो घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"मॅडम, माझे बाराही निकाल खोटे असू शकतात."

"मग हैदराबादला मी काय कळवू?"

"काही कळवू नका. मला अजून माहीत नाही."

बुधवारी तिने पाणी बदललं. पट्टी आलीच. गुरुवारी सगळी द्रव्यं बदलली, नळ्या आणि टिपा बदलल्या. पट्टी आलीच. शुक्रवारी टेबल पुसलं, निमाईदांकडून धुतलेला कोट घेतला, जागाही बदलली. पट्टी आपली जागची हलेना. संध्याकाळी मॅडमनी हैदराबादला दुसऱ्या एका मुलाचं नाव पाठवलं. ऋताला ते सांगितलं तेव्हा ती "ठीक आहे" म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून रडली. या सगळ्या दिवसांत ती मलाच हातात धरून मला शोधत होती.

शनिवारी ती स्टुलावर बसून बोटं मोजू लागली. पाणी बदललं, द्रव्यं बदलली, नळ्या, टिपा, कोट, टेबल. सहा बोटं झाली आणि ती थांबली. मग हळूच माझ्याकडे बघितलं.

"ही नाही बदलली," ती मराठीत म्हणाली.

तिने शेजारच्या टेबलावरची पिपेट मागून आणली आणि पुन्हा सगळं केलं. पाण्याची रांग कोरी करकरीत आली. बारापैकी सात मासे इलिश निघाले, पाच दुसरेच होते. मग तिने माझे आटे फिरवून मला उघडलं. आत पांढुरका थर वाळलेला होता. आपण हिला कधी आडवं ठेवलं, हे तिला आठवलं असावं, कारण तिने कपाळावर हात मारून घेतला.

निमाईदा मोडीत काढायच्या वस्तूंची वही घेऊन आले. "दे इकडे, नाव लिहून टाकतो. जुनी झाली होती बिचारी." त्यांचं बरोबर होतं. त्या वहीत कारणाच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच मजकूर आहे. तराजू, आपोआप बिघडला. फ्रिज, जुना झाला. दोन सूक्ष्मदर्शक, आपोआप बिघडले. माझ्यासाठीही ते तसंच लिहिणार होते, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नसतं.

"दादा, थांबा," ऋता म्हणाली. "मी लिहिते."

मित्रांनो, तुम्हीही कधी प्रयोगशाळेत जाल. आमच्यासारख्यांना भरपूर वापरा, झिजवा, त्यासाठीच आम्ही आहोत. काम झालं की उभं ठेवा, अधूनमधून आत डोकावून बघा. आणि पाण्यात कधी मासा दिसला, तर फोटो कापू नका. तो कुठून आला ते शोधा, मग त्यात तुमचा शुक्रवार गेला तरी चालेल. ऋताचा गेला. उन्हाळ्यात हैदराबादला दुसरंच कुणीतरी गेलं.

मला धुतलं, वाळवलं आणि पुन्हा कामाला लावलं. वहीत माझ्या नावासमोर तिने लिहिलं होतं : ‘पिपेट चांगली आहे. मी भरलेली टिप लावून आडवी ठेवली. ऋता.’ त्या वहीत आजवर कितीतरी वस्तूंची नावं चढली, पण चूक कोणाच्या हातून झाली हे सांगणारी ओळ ती एकच आहे.