मुकुटाखालचे साडेतीन टन

अठ्ठावीस वर्षं मी कुवेतमध्ये शिक्के वाचतोय. ज्योतिषी नव्हे हो, इन्स्पेक्शन इंजिनिअर. प्लँटवर जी टाकी, जो व्हॉल्व्ह, जो सिलिंडर येतो, त्यावर ठोकलेली अक्षरं आणि आकडे वाचायचे, कागदाशी ताडायचे, आणि जुळलं नाही तर लाल टॅग लावून परत पाठवायचं. एकाही खोट्या कागदावर आजवर सही केलेली नाही, आणि हे मी न विचारताही लोकांना सांगतो. आमची शर्मिला म्हणते, ह्या माणसाने लग्नात मंगळसूत्राच्या वाटीवरचा सोनाराचा शिक्कासुद्धा भिंग लावून पाहिला होता. पाहिला होता, बरं मग?

अशरफभाईंनी मला जहऱ्याला, म्हणजे कुवेत शहराबाहेरच्या गावी, बोलावलं ते ह्या कीर्तीमुळे. ते श्रीवर्धनचे, मी नाशिकचा. आमची ओळख इथल्या मासळीबाजारातली. पापलेटचा कल्ला उघडून ताजेपणा कसा बघायचा हे त्यांनी मला शिकवलं, तेव्हापासून दोस्ती. जहऱ्यात बू फहद म्हणून एक वयस्कर कुवेती गृहस्थ आहेत, त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, अशरफभाई बावीस वर्षं नोकरीला. आधी नुसता कहवा द्यायचे. मग शेजारच्या खोलीची देखभाल त्यांच्याकडे आली. तिथे बू फहदच्या वडिलांच्या वस्तू मांडलेल्या आहेत: खंजीर, मोती तोलायचे तराजू, ग्रामोफोन, आणि मधोमध काचेच्या पेटीत एक अमेरिकन रिव्हॉल्व्हर. रीतसर परवाना भिंतीवर, आतली टोचणी काढलेली, म्हणजे उडण्याचा प्रश्नच नाही.

त्या रिव्हॉल्व्हरची कथा अशरफभाई प्रत्येक पाहुण्याला सांगत. वाळवंटात वाट चुकलेले दोन इंग्रज साहेब, बू फहदच्या वडिलांनी त्यांना उंटावर घालून आणलं, आणि इंग्लंडच्या राणीने खूश होऊन ही भेट पाठवली. पुरावा काय, तर नळीवर उमटलेला बारीकसा मुकुट. पाहुणे वाकून मुकुट बघायचे आणि माशाल्ला म्हणायचे. कथा अशरफभाईंनीच रचलेली, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते मला बोलावून घेतलं त्या शुक्रवारी.

कारण आता गळ्याशी आलं होतं. बू फहदचा मुलगा, फहद, त्याला त्या खोलीत जिम करायची होती. रविवारी दुबईहून किंमत ठरवणारा माणूस येणार, आधी रिव्हॉल्व्हर विकायचं, मग बाकीचं. खोली गेली की खोलीचा राखणदार कशाला हवा? अशरफभाईंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढच्या महिन्यात संपत होता. जवेरिया, त्यांची धाकटी, मुंबईत दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला. त्यांचं म्हणणं साधं होतं: शिक्का राणीचा आहे एवढं मी माझ्या लेटरहेडवर लिहून द्यावं. राणीची भेट कोण विकतो? म्हातारा मुलाला हात लावू देणार नाही.

मी म्हटलं, बघू, असेल ते लिहीन. नसेल ते लिहिणार नाही.

अशरफभाईंनी पेटी उघडली, बनातीवर रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि चहा आणायला गेले. मी भिंग लावलं. नळीच्या वरच्या बाजूला अमेरिकन कंपनीचं नाव आणि गाव, स्वच्छ वाचता येत होतं. बाजूला मुकुट. पण मुकुटाच्या खाली काहीतरी होतं. काळपट थराखाली अक्षरं दबलेली, वाचता येईनात. आता अठ्ठावीस वर्षांचा हात आहे माझा. वाचता न येणारा शिक्का दिसला की मी काय करतो, तर खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढतो आणि घासतो. चार हात मारले. अक्षरं वर आली: मुकुटाखाली बी, एन, पी. त्याच्याखाली साडेतीन आणि टन.

काय सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! साडेतीन टन म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब. हा तर माझ्याच धंद्यातला शिक्का निघाला, सिलिंडरवर असतो तसा. फोनवर शोधलं, फोटो ताडून पाहिले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एक परीक्षणगृह आहे. कायदा असा की बाजारात विकायची प्रत्येक बंदूक तिथे जादा दारू भरून उडवून बघायची, फुटली नाही तर मुकुट ठोकायचा. परदेशी असली तरी सुटका नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने इंग्रजांना अशी हत्यारं ढिगाने दिली. युद्ध संपल्यावर ती विकायला काढली, तेव्हा त्यांच्यावर हे शिक्के बसले. म्हणजे मुकुटाचा अर्थ राणीने दिलं असा नाहीच. मुकुटाचा अर्थ, विकायला हरकत नाही.

अशरफभाई ट्रे घेऊन आले आणि मी हे सगळं एका दमात त्यांना ऐकवलं. त्यांचं लक्षच नव्हतं. ते नळीकडे बघत होते. जुन्या निळ्याकाळ्या नळीवर नखाएवढा पांढराशुभ्र डाग चकाकत होता.

"दीनानाथभाई," ते म्हणाले, "हे काय केलंत हो तुम्ही?"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. टाकी घासली तर ती स्वच्छ होते. संग्रहातली वस्तू घासली तर तिचं वय जातं, आणि वयालाच तर किंमत. हे शेंबड्या पोरालाही कळतं, मला कळलं नाही. मला भयंकर लाज वाटली. मित्राची नोकरी वाचवायला आलो होतो, आणि खोटा कागद देणार नाही म्हणून फुशारकी मारत त्याच्या ताब्यातली वस्तू खरवडून बसलो होतो.

इतक्यात बू फहद आले. म्हातारा लहानपणी वडिलांबरोबर गलबतातून मुंबईला जायचा, हिंदी चांगली बोलतो. त्याची नजर थेट डागावर गेली. मी तोंड उघडायच्या आत अशरफभाई पुढे झाले आणि म्हणाले, माझ्या हातून झालं, साफ करत होतो. इकामा टांगणीला लागलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. मग मला राहवेना. घासलं मी, असं सांगितलं. आणि सांगायला सुरुवात केलीच आहे तर सगळंच, म्हणून बर्मिंगहॅम, साडेतीन टन, राणीचा काही संबंध नाही, तेही सांगून टाकलं. आमच्याकडे अर्धवट रिपोर्ट देत नाहीत.

बू फहद खुर्चीत बसले. हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, फिरवायला लागले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तेल कंपनीतला एक इंग्रज घरी परत चालला होता. माझ्या आईसाठी वडिलांनी त्याच्याकडून शिलाई मशीन घेतलं. हे त्याच्यावर फुकट मिळालं."

अशरफभाईंचा चेहरा मला बघवेना. इतकी वर्षं हा माणूस मालकाच्या अब्रूसाठी खोटं बोलत होता, आणि मालक तितकीच वर्षं नोकराच्या अब्रूसाठी गप्प बसत होता. एकदा बोलले असते तर दोघांचाही त्रास वाचला असता. अशरफभाई एवढंच म्हणाले, मग मला थांबवलं का नाही? म्हातारा हसला. त्याच्या बापाला उंटावर बसताच येत नव्हतं, आणि त्याला उंटावर बसलेला बाप आवडायला लागला होता.

रविवारी दुबईचा माणूस आला. डाग बघून त्याने डोळेच मिटले. शिक्के अस्सल आहेत, असं त्याने सांगितलं, पण कुण्या गाढवाने घासल्यामुळे किंमत निम्म्याच्याही खाली गेली. मी तिथेच बसलो होतो. फहदने आकडा ऐकला, एवढ्यासाठी कोण खटपट करतो म्हणाला आणि जिम गच्चीवर हलवली. खोली राहिली, राखणदार राहिला, इकामा झाला. माझ्या सचोटीने जे साधलं नसतं ते माझ्या गाढवपणाने साधलं.

पण गोष्ट इथे थांबत नाही. त्या डागाचं आता पाहुण्यांना काहीतरी सांगायला हवं ना? गेल्या शुक्रवारी मी कहवा प्यायला गेलो होतो. पाच-सहा पाहुणे पेटीभोवती उभे. अशरफभाई सांगत होते की राणीच्या शिक्क्याबद्दल कुणाला शंका येऊ नये म्हणून बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाने आपला खास तज्ज्ञ कुवेतला पाठवला, आणि त्याने मुकुट तपासल्याची ही खूण. मग त्यांनी माझ्याकडे हात केला.

पाहुणे वळून माझ्याकडे बघायला लागले. एकाने अदबीने विचारलं, शिक्का खरा आहे ना, साहेब? कोपऱ्यात बू फहदची तसबीह थांबली. अशरफभाई ट्रे धरून उभे होते. मी खिशातून भिंग काढलं, पेटीवर वाकलो, हवं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मान डोलावली. शिक्का खराच आहे. सगळे माशाल्ला म्हणाले, आणि अशरफभाईंनी पहिला कप माझ्या हातात दिला.