एका डब्यातल्या गोळ्या

पडदे शिवणाऱ्या त्या दोघी बहिणींच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, की आधी त्यालाच कामाला लावायचं, अशी रीत पडून गेली होती.

"तिला सांगा, अस्तर बेताचं आहे, दुमड लहान घे," कापड कापणारी थोरली म्हणायची.

धाकटी हाताच्या अंतरावर मशीनवर बसलेली असायची. कान शाबूत होते तिचे. तरी गिऱ्हाईकाकडेच बघून उत्तर द्यायची, "त्यांना म्हणावं, मला दिसतंय." गिऱ्हाईक बिचारं टेनिसची मॅच बघायला बसल्यासारखं मान इकडून तिकडे फिरवत राहायचं.

उन्हाळ्यात दोघींच्याही रक्तात साखर निघाली, आणि त्याच दिवशी हा अबोला सुरू झाला. थोरलीने डॉक्टरांसमोर सांगून टाकलं होतं, "ही चोरून बिस्किटं खाते हो." डोक्यावर एक काळा केस न उरलेल्या धाकटीला डॉक्टर शाळकरी पोरीसारखे रागावले. घरी येऊन तिने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

बोलणं गेलं, गोळी तेवढी उरली. दोघींना एकच गोळी, म्हणून डबाही एकच. जेवायच्या वेळी थोरली एक स्वतः घ्यायची, एक धाकटीच्या ताटाशेजारी ठेवायची. धाकटी ती गिळायची. दोघींमधला संवाद म्हणाल तर एवढाच. पण थोरली सकाळपासून त्याची वाट बघायची.

मग थोरलीची साखर हट्टाला पेटली. डॉक्टरांनी तिची गोळी बदलली. "ही जोरदार आहे. घेतली की लगेच जेवायचं. आणि बहिणीच्या हाती लागू देऊ नका, साखर एकदम उतरून पडतील त्या."

थोरलीला तो एकच डबा आठवला. धाकटीचा चष्मा कायम कपाळावर, डब्यात हात घालायची ती अंदाजाने. सांगायला हवं होतं. वाटेत तिने वाक्य घोळवून घोळवून पाठ केलं, पण दारातून धाकटीची पाठ दिसली आणि ते तिथेच राहिलं. नव्या गोळ्या तिने पडद्याच्या कड्यांच्या बरणीत लपवल्या.

आता ती धाकटीची गोळी डब्यातून काढून ठेवायची आणि स्वतःची पाठ फिरवून बरणीतून घ्यायची. पण कड्याच त्या, खुळखुळल्याशिवाय थोड्याच राहणार? एका दुपारी धाकटीने आपली गोळी ताटाशेजारी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी थोरलीने गोळी गिळली आणि तेवढ्यात एका लॉजचा मॅनेजर पडदे न्यायला आला. खुर्चीत बसून एकेक पडदा उलगडून बघायला लागला.

"साहेब," धाकटीने मशीन थांबवलं, "त्यांना विचारा, आता गोळ्यांचीही वाटणी झाली का? निदान तेवढं तरी एकत्र होतं."

"बाई, मी फक्त पडदे न्यायला आलोय."

"तिला सांगा..." थोरली म्हणाली आणि थांबली. हे त्याच्यावर कसं सोपवायचं? अर्धं गाळेल, उरलेलं उलटं सांगेल. तिने मान वळवून सरळ धाकटीकडे पाहिलं.

"माझी गोळी बदललीय. तू चुकून घेतलीस तर पडशील, म्हणून लपवली. ही घेतली की लगेच जेवावं लागतं, बास, एवढंच. तू तुझी सोडू नकोस गं." तेल न घातलेल्या मशीनसारखा आवाज कुरकुरला.

मॅनेजरने गठ्ठा उचलून काढता पाय घेतला.

इतक्या महिन्यांनी बोललेलं वाक्य दुकानात एकटंच उभं राहिलं, आणि त्याच्याशेजारी थोरली. तिच्या कपाळावर घाम आला. हातातली कात्री थरथरायला लागली.

धाकटीने चष्मा डोळ्यांवर ओढला. थोरलीचा चेहरा नीट न्याहाळला. मग आत जाऊन भरलेलं ताट आणलं आणि कापायच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या हातात तिची स्वतःची गोळी होती.

मॅनेजरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, गोळी घेतलीय ना, मग आधी जेवा."

"हो म्हणावं तिला," थोरलीने खुर्चीला सांगितलं आणि पहिला घास घेतला.